छातीचा एक्स-रे वाचणारी एआय सेवा: एका रेडिऑलॉजिस्टचे परीक्षण

तालुक्याच्या ठिकाणच्या डायग्नोस्टिक सेंटरांना हल्ली एक सेवा मोठ्या आग्रहाने विकली जाते. छातीचा डिजिटल एक्स-रे काढला की त्याची फाइल इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि मिनिटभरात एआयने तयार केलेला अहवाल परत येतो. त्यात क्षयरोगाच्या संशयाचा स्कोअर असतो, फुप्फुसांवर लाल-पिवळे रंग टाकलेली प्रतिमा असते आणि आढळलेल्या दोषांची यादी असते. मी रेडिऑलॉजिस्ट आहे. जिल्ह्याच्या गावी बसून आसपासच्या काही सेंटरांचे एक्स-रे वाचते. त्यांपैकी एका सेंटरने ही सेवा घेतल्यापासून तिचा अहवाल आणि माझा अहवाल शेजारी शेजारी ठेवून पाहणे हा माझ्या कामाचाच भाग झाला आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक उणिवा या जातीच्या सगळ्याच सॉफ्टवेअरांत कमी-अधिक प्रमाणात आहेत, आणि ज्या थोड्या या एका कंपनीच्या आहेत त्या तिच्या माणसांना कळवून झाल्या आहेत.

आधी चांगले ते सांगते. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय घेणे, या एका कामात ही सॉफ्टवेअरे खरोखर तयारीची आहेत. १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींमध्ये क्षयरोगाची चाळणी करताना एक्स-रे माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वाचला तरी चालेल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये केली. त्यासाठी तपासलेल्या सॉफ्टवेअरांत नेदरलँड्सचे कॅड-फॉर-टीबी आणि दक्षिण कोरियाचे ल्युनिट यांच्याबरोबर मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचे क्यूएक्सआरही होते. त्याच वर्षी ढाक्यातील २३,९५४ व्यक्तींच्या एक्स-रेंवर पाच सॉफ्टवेअरांची परीक्षा घेणारा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि पाचही सॉफ्टवेअरे तिथल्या नोंदणीकृत रेडिऑलॉजिस्टांपेक्षा सरस ठरली. आमच्या व्यवसायातल्या काहींना हे वाचून राग आला. मला आला नाही. शेकडो एक्स-रे ओळीने वाचताना दुपारनंतर माझी नजर जशी थकते तशी सॉफ्टवेअरची थकत नाही, आणि ज्या गावात एक्स-रेचे यंत्र आहे पण तो वाचणारे कोणीच नाही तिथे तुलना सॉफ्टवेअर आणि रेडिऑलॉजिस्ट यांच्यात नसतेच. ती सॉफ्टवेअर आणि दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर येणारे उत्तर यांच्यात असते.

आपल्याकडे या कामाची निकडही मोठी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात असे दिसले, की केवळ लक्षणे विचारून थांबले असते तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण हातून निसटले असते. एक्स-रे काढला म्हणून ते हाती लागले. खोकला नाही, ताप नाही, वजनही फारसे घटलेले नाही, पण फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली आहे, असा माणूस शोधायचा तर गावोगाव एक्स-रे काढावे लागतात, आणि तेवढे एक्स-रे वाचायला आम्ही पुरणार नाही. या कामासाठी ही सेवा घेणाऱ्या सेंटरने पैसे वाया घालवले, असे मी म्हणणार नाही.

मात्र विक्रीला येणारा प्रतिनिधी जे सांगतो आणि सॉफ्टवेअर जे करते, यांतले अंतर स्कोअरपाशी सुरू होते. आमच्या सॉफ्टवेअरचा स्कोअर शून्य ते एक यांच्या दरम्यान असतो. ०.६२ आला की सेंटरचा व्यवस्थापक, आणि पुष्कळदा संदर्भित करणारे डॉक्टरही, क्षयरोग असण्याची शक्यता ६२ टक्के आहे असे समजून चालतात. त्या आकड्याचा अर्थ तसा नाही. शिकवणीत क्षयरोग म्हणून दाखवलेल्या प्रतिमांशी ही प्रतिमा किती जुळते, याचे ते एक माप आहे. किती मापाच्या वर संशय धरायचा ती उंबरठ्याची पातळी ज्याने त्याने आपल्या भागातल्या रुग्णांवर पडताळून ठरवायची असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही सर्वांसाठी एकच पातळी सांगितलेली नाही. आमच्या सेंटरला सॉफ्टवेअर ०.५ ही पातळी लावून मिळाले, आणि ती बदलता येते हे तिथे कोणालाही ठाऊक नव्हते.

पातळी आणि गर्दी यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. क्षयरोगाच्या प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठेवलेले किमान लक्ष्य असे, की शंभर खऱ्या रुग्णांपैकी नव्वद पकडले जावेत आणि शंभर निरोगी माणसांपैकी निदान सत्तर जणांना मोकळे सोडावे. समजा, शिबिरात हजार माणसे आली आणि त्यांत खरे रुग्ण दहा आहेत. लक्ष्य तंतोतंत गाठणारे सॉफ्टवेअर त्यांतले नऊ पकडेल, आणि उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी २९७ जणांवरही संशयाची खूण करील. म्हणजे ३०६ संशयितांत खरे रुग्ण नऊच. तेच सॉफ्टवेअर, त्याच पातळीवर, छातीरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत लावले आणि तिथे हजारांत दोनशे रुग्ण असले, तर ४२० संशयितांत १८० रुग्ण निघतील. सॉफ्टवेअर तेच, उत्तर तेच, पण त्या उत्तराचे वजन एका ठिकाणी चौतीसात एक आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ निम्मे. शिबिरात हे चालते, कारण तिथे पुढचे पाऊल ठरलेले असते: बेडका घ्यायचा आणि सीबीनॅट किंवा गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट या क्षयरोगाचे जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर तपासायचा. खासगी सेंटरमध्ये मात्र ‘टीबी संशयित’ एवढे छापलेला कागद रुग्णाच्या हातात पडतो आणि तो घेऊन रुग्ण घरी जातो. मुलीचे लग्न ठरलेल्या घरात तो कागद काय करतो हे सांगायला नको.

सगळ्यांत जास्त खोळंबा होतो तो जुन्या व्रणांपाशी. ढाक्याच्या ज्या अभ्यासात सॉफ्टवेअरे आमच्यापेक्षा सरस ठरली, त्यातच हेही नोंदवले आहे, की साठीपुढच्या माणसांत आणि पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांत पाचही सॉफ्टवेअरांची कामगिरी घसरते. आमच्या भागात तर हीच माणसे एक्स-रेला जास्त येतात. तरुणपणी क्षयरोगाचे पूर्ण उपचार घेतलेले एक शेतकरी आजोबा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांसाठी आले होते. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग आकसलेला, श्वासनलिका त्या बाजूला ओढली गेलेली, मध्येच कॅल्शियम साठून पांढरे ठिपके. सॉफ्टवेअरने एकाच्या जवळ जाणारा स्कोअर दिला आणि तो सगळा भाग लालभडक रंगवला. नातवाने घरी जाऊन गादीखालून आजोबांचा जुना एक्स-रे आणला. फिल्म पिवळी पडलेली होती, कडा दुमडल्या होत्या, पण खिडकीशी धरल्यावर तोच आकसलेला भाग आणि तेच ठिपके जागच्या जागी दिसले. इतक्या वर्षांत काहीच हललेले नाही, एवढे कळले की बहुतेक प्रश्न सुटतो. बेडक्याची तपासणी खात्रीसाठी करून घेतली आणि शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी पार पडली. आमच्या सॉफ्टवेअरला जुनी फिल्म दाखवण्याची सोय नाही. त्याच्यापुढे प्रत्येक माणूस आज पहिल्यांदाच जन्मलेला असतो. खोकला किती दिवसांचा, घरात कोणी आजारी आहे का, माणूस दगडखाणीत काम करतो का, यांतले काहीही त्याला विचारता येत नाही. दगडाची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसांत गेल्याने होणारा सिलिकोसिस आणि क्षयरोग यांच्या सावल्या एकमेकींसारख्या दिसू शकतात, हे लक्षात घेतले तर न विचारलेला तो एक प्रश्न केवढा महाग पडू शकतो ते कळेल.

दुसरी गोष्ट अगदी किरकोळ वाटेल, पण मला ती या सेवेबद्दल पुष्कळ काही सांगणारी वाटते. महाविद्यालयातल्या तपासणी शिबिरातून आलेल्या एका मुलीच्या एक्स-रेत डाव्या फुप्फुसाच्या शेंड्यावर सॉफ्टवेअरने संशय दाखवला होता. गळपट्टीच्या हाडावर एक उभी, जाडसर, पिळासारखी सावली होती आणि ती फुप्फुसाच्या हद्दीत न थांबता थेट मानेपर्यंत वर गेली होती. ती तिची वेणी होती. खांद्यावरून पुढे आलेली घट्ट वेणी एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या भागात ठिगळ लावल्यासारखी दिसते, हे आमच्या शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या वर्षीच सांगितले जाते. केस वर बांधून पुन्हा एक्स-रे काढल्यावर सावली गेली आणि स्कोअरही खाली आला. हे काम खरे तर तंत्रज्ञाचे: मंगळसूत्र, ताईत, हूक काढून ठेवायला सांगणे, केस वर बांधायला लावणे, दीर्घ श्वास घेऊन धरायला सांगणे. सॉफ्टवेअर येण्यापूर्वी खराब एक्स-रे गेला की मी फोन करून रागावते, हे तंत्रज्ञाला माहीत असे. आता कुठलाही एक्स-रे पाठवला तरी अहवाल येतोच, तक्रार कोणी करत नाही, आणि हळूहळू सगळे सैल पडत जाते. श्वास पूर्ण न घेतलेली किंवा तिरपी आलेली प्रतिमा नाकारून परत पाठवणे हे चांगल्या सेवेचे पहिले काम असायला हवे. आमची सेवा अशा प्रतिमांनाही विनातक्रार स्कोअर देते, ही माझी कंपनीविषयीची पहिली तक्रार आहे.

असे का होते, याचे उत्तर शिकवणीत आहे. ही सॉफ्टवेअरे लाखो प्रतिमा आणि त्यांना लावलेल्या चिठ्ठ्या पाहून शिकतात, आणि चिठ्ठी बरोबर येण्यासाठी जे दिसेल त्याचा आधार घेतात. तो आधार आजाराचाच असेल अशी खात्री नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ साली ३०,८०५ रुग्णांच्या १,१२,१२० प्रतिमा खुल्या केल्या आणि जगभर त्यांवर सॉफ्टवेअरे शिकवली गेली. पण त्यांच्या चिठ्ठ्या डॉक्टरांनी प्रतिमा नव्याने पाहून लावलेल्या नव्हत्या. जुन्या अहवालांच्या मजकुरातून त्या संगणकाने उचललेल्या होत्या. फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची चिठ्ठी असलेल्या पुष्कळशा प्रतिमांत तर उपचारासाठी छातीत घातलेली नळी आधीच दिसत होती. ती नळी ओळखायला शिकलेले सॉफ्टवेअर परीक्षेत उत्तम गुण मिळवील आणि ज्याच्या छातीत अजून नळी घातलेली नाही, म्हणजे ज्याला त्याची खरी गरज आहे, त्याच रुग्णापाशी अडखळेल. २०१८ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणारे सॉफ्टवेअर तपासले, तेव्हा ते प्रतिमा कोणत्या रुग्णालयातून आली हेच अचूक ओळखत असल्याचे आढळले. तंत्रज्ञ कोपऱ्यात ठेवतात त्या धातूच्या खुणेचाही त्याला आधार होता. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथल्या प्रतिमेला न्यूमोनिया म्हणणे त्याला सोपे पडत होते. कोविडच्या काळात तर काही संशोधकांनी कोविड नसलेल्यांचा नमुना म्हणून लहान मुलांचे एक्स-रे वापरले, आणि सॉफ्टवेअर कोविड ओळखण्याऐवजी वय ओळखू लागण्याचा धोका निर्माण झाला.

म्हणून कोणत्याही प्रतिनिधीला माझा पहिला प्रश्न असतो, की हे सॉफ्टवेअर आमच्या यंत्रावर, आमच्या भागातल्या माणसांच्या प्रतिमांवर कोणी तपासले आहे का. उत्तरादाखल बहुधा परदेशातल्या एखाद्या अभ्यासाचे चकचकीत पत्रक समोर येते. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय कामासाठीचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमनाखाली आले आहे. त्यामुळे परवान्याची प्रत मागणे हा खरेदीदाराचा हक्क आहे आणि ती आढेवेढे न घेता मिळायला हवी.

क्षयरोगाच्या पलीकडे गेले की ही सेवा झपाट्याने सामान्य होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या एका अभ्यासात बाजारात उपलब्ध असलेली चार सॉफ्टवेअरे २,०४० रुग्णांच्या छातीच्या एक्स-रेंवर तपासली गेली. रुग्ण बहुतेक वयस्क होते. फुप्फुसाबाहेरचे पाणी आणि हवा यांबाबत सॉफ्टवेअरे ठीक चालली, पण रेडिऑलॉजिस्टांच्या अहवालांपेक्षा त्यांनी दोष नसताना दोष दाखवण्याचे प्रमाण जास्त होते, आणि एकाच प्रतिमेत अनेक दोष असले किंवा दोष बारीक असला की कामगिरी आणखी ढासळत होती. माझाही अनुभव याहून वेगळा नाही. हृदय मोठे आहे, छातीत पाणी आहे, हे ते बरोबर सांगते; हृदयाच्या सावलीमागे दडलेली गाठ किंवा श्वासपटलाच्या घुमटाखाली उतरलेला फुप्फुसाचा भाग यांबाबत त्याच्यावर विसंबू नये. स्तनाग्राच्या सावलीला गाठ म्हणणे तर रोजचेच आहे.

त्याहून मला खटकतो तो ‘नॉर्मल’ हा शब्द. सॉफ्टवेअरकडे दोषांची एक यादी असते, आणि यादीतले काही सापडले नाही की ते ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होते. आम्ही नॉर्मल म्हणतो तेव्हा बरगड्या, खांद्याची हाडे, मणके, पोटाचा दिसणारा वरचा भाग, सगळे पाहून म्हणतो. खांद्याच्या हाडात पोखरल्यासारखी जागा होती, खांदेदुखीची तक्रार होती, आणि अहवालावर नॉर्मल छापलेले होते, अशी फिल्म माझ्यासमोर आलेली आहे. यादीत हाडांचे तेवढे खोल वाचन नव्हतेच. शिवाय एक्स-रे स्वच्छ असला तरी गळ्यातल्या गाठींचा, मणक्याचा किंवा पोटाचा क्षयरोग असू शकतो, आणि एचआयव्ही असलेल्या रुग्णात तर फुप्फुसाच्या क्षयरोगातही एक्स-रे जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. ‘तपासलेल्या दोषांपैकी काही आढळले नाही’ असे छापणे खरे होईल, पण ते विकायला अवघड जाते.

आता वाचणाऱ्या माणसाबद्दल, कारण शेवटी सही त्याची असते. ‘डॉक्टर आहेतच की शेवटी पाहायला’ हा प्रतिनिधींचा हुकमी युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. जर्मनीतील संशोधकांनी २७ रेडिऑलॉजिस्टांना स्तनांचे ५० एक्स-रे वाचायला दिले आणि सोबत एआयचे म्हणून एक उत्तर दाखवले. त्यांतली काही उत्तरे मुद्दाम चुकीची होती. दाखवलेले उत्तर बरोबर असताना सगळ्यांचे वाचन ८० टक्क्यांच्या आसपास बरोबर आले. उत्तर चुकीचे असताना नवख्यांचे बरोबर वाचन २० टक्क्यांवर घसरले, आणि अत्यंत अनुभवी मंडळीही ४५ टक्क्यांवर आली. लाल रंग एकदा डोळ्यांत भरला की उरलेल्या फिल्मवर नजर पूर्वीसारखी फिरत नाही, हे मी स्वतः जाणून आहे. म्हणून आधी साधी प्रतिमा पाहून माझे मत लिहिते आणि मगच रंग उघडते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमा उघडतानाच रंग चढलेले असतात आणि ते बंद करण्याचे बटण तीन पडद्यांआड लपलेले आहे. ही रचना करणाऱ्याने एक्स-रे वाचणाऱ्या माणसाशेजारी एक दुपार बसून पाहिले असते, तर ती अशी झाली नसती.

इतर तपासण्यांबद्दल थोडक्यात. स्वीडनमध्ये ८० हजारांवर स्त्रियांच्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, चाचणीत एआयच्या मदतीने वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही. पण तिथे मुळात प्रत्येक फिल्म दोन रेडिऑलॉजिस्ट वाचतात, जी चैन आपल्याकडे नाही. विख्यात संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली रेडिऑलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे, असे सांगून पाच वर्षांचा वायदा केला होता. तो कधीच उलटून गेला आणि माझ्या टेबलावरचा ढीग आहे तेवढाच आहे.

अलीकडे रुग्ण फिल्मचा फोनवर फोटो काढून चॅटबॉटला विचारून येतात, म्हणून एवढे सांगायला हवे: मूळ डिजिटल एक्स-रेत काळ्या-पांढऱ्याच्या हजारो छटा असतात, फोनच्या फोटोत त्या जेमतेम २५६ उरतात, आणि खिडकीच्या उजेडाची चमक वर पडते ती वेगळीच. बारीक दोष नेमके त्या हरवलेल्या छटांतच असतात.

सेवेच्या व्यवहाराबद्दल माझी शेवटची तक्रार अद्ययावत आवृत्तीची आहे. मध्यंतरी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि आदल्या आठवड्यात पातळीच्या खाली राहणाऱ्या धाटणीच्या प्रतिमा वर जाऊ लागल्या. नव्या आवृत्तीत त्याच स्कोअरचा अर्थ बदलू शकतो आणि पातळी नव्याने पडताळावी लागते, हे कंपनीला माहीत असणारच. आम्हाला मात्र ‘आता आणखी अचूक’ एवढाच संदेश आला.

पुढच्या वर्षीचा करार करायचा की नाही, असे सेंटरच्या मालकांनी मला विचारले तेव्हा मी करा म्हटले, पण तीन अटी लेखी घ्यायला सांगितल्या. आवृत्ती बदलण्याआधी महिनाभर सूचना मिळावी, रंग चढवलेली प्रतिमा मागितल्याशिवाय उघडू नये, आणि रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर ‘टीबी संशयित’ऐवजी ‘बेडका तपासून घ्यावा, अंतिम अहवाल डॉक्टरांच्या सहीने मिळेल’ असे मराठीत छापावे. तिसरी अट कंपनीने लगेच मान्य केली आणि नवे कागद छापूनही आले. पहिल्या दोन अटींवर त्यांचे उत्तर यायचे आहे, आणि तोवर सेंटरने वर्षाऐवजी तीन महिन्यांचेच पैसे भरले आहेत.